शेवटच्या पानावरची मासळी

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. गॅसवर दूध होतं. मी गॅस बंद केला, डॉक्टरांना फोन केला आणि मग मुलीला केला. टेबलावर पुस्तकाची प्रुफं होती. प्रुफांवर तिचा चष्मा होता.

त्या पुस्तकाबद्दल आधी सांगायला हवं. पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

बायको परभणीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मी रोज एसटीनं मानवतला जाऊन शाळेत इंग्रजी शिकवायचो. दोघं निवृत्त झाल्यावर मला वाटलं होतं की आता दुपारी पुस्तकं वाचू आणि संध्याकाळी फिरायला जाऊ. तिनं मात्र जिल्ह्यातल्या माशांवर पुस्तक लिहायला घेतलं. एका पानावर माशाचं चित्र, समोरच्या पानावर माहिती, आणि माहितीच्या डोक्यावर दोन नावं, एक आपल्याकडचं आणि एक इंग्रजी. चित्रं ती स्वतः काढणार होती. इंग्रजी नावं तपासायचं काम तिनं माझ्यावर टाकलं, आणि आपल्या आयुष्यातली ही एकच चूक, असं ती नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. लग्न त्यात धरत नव्हती, एवढा माझा मान राखायची.

मासे ती बाजारातून आणायची. ताडकळसचा आठवडी बाजार तिचा ठरलेला. तिथं ती एकेक मासा हातात घेऊन उलटासुलटा करायची, कल्ले उघडायची, तोंडात बोट घालून दात चाचपायची. मी पिशवी धरून मागं उभा. मासे विकणाऱ्या बाईला एकदा राहवलं नाही.

"बाई, तुमी मासळी घ्यायलाव का पोरगी पसंत करायलाव?"

"आधी पसंत करते, मग घेते," बायको म्हणाली.

"मग पत्रिका बी आणू का हिची?"

"पत्रिकाच लिहायला घेतलीय."

त्या बाईनं माझ्याकडं जी नजर टाकली तिच्यात पुष्कळ सहानुभूती होती. वजन करताना तिनं एक शिंगटा मासा वर टाकला, तो बहुतेक माझ्यासाठी.

घरी आल्यावर मासा ओट्यावर प्लॅस्टिकच्या कागदावर झोपायचा आणि त्याच्या शेजारी फूटपट्टी. ती खवले मोजायची, परांचे काटे मोजायची, आकडे पुटपुटायची. मी कांदा-खोबरं भाजून, वाटून, कढई तापवून उभा. पण ओळख पटल्याशिवाय फोडणी नाही, हा घरचा कायदा होता. एकदा एक मरळ मोजणी चालू असताना जिवंत निघाली. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ तग धरते, हे तिनं कितीतरी वर्षं मुलांना शिकवलं होतं, तरी किंचाळली तीच. मरळीनं ओट्यावरून उडी मारली ती थेट फ्रिजखाली. मी खुर्चीवर चढलो. बायको फरशीवर पालथी पडून फ्रिजखाली हात घालत होती आणि हसण्यानं तिचा हात लुळा पडत होता. "उतरा हो," ती म्हणत होती, "मरळ आहे, मगर नाही." मी उतरलो नाही. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं आणि मरळ बादलीतून परत पाण्यात सोडून आलो. रिक्षावाल्यानं बादलीचं वेगळं भाडं मागितलं.

आमचं खरं भांडण लागलं ते अक्षरांवरून. इंग्रजीत प्रत्येक अक्षर दोन मापांत असतं, मोठं आणि लहान. आपल्याकडं ती भानगड नाही. बायकोनं पुस्तकात प्रत्येक माशाचं इंग्रजी नाव मोठ्या अक्षरानं सुरू केलं होतं. मी सगळं आयुष्य पोरांच्या वह्यांमधली अशी अक्षरं लाल पेनानं गोल करण्यात घालवलेलं. मी तिच्या प्रुफांवरही गोल केले. माणसाच्या नावाला मोठं अक्षर, गावाच्या, नदीच्या. गाय, बैल, मासा यांना लहान.

"गोदावरीला मोठं?" तिनं विचारलं.

"मोठं."

"परभणीला?"

"मोठं."

"गोदावरीत राहणाऱ्या मरळीनं काय घोडं मारलंय मग?"

मी नियम सांगितला. ती म्हणाली, नियम करताना मरळीला विचारलं होतं का. मी म्हणालो, मराठीत लिही, मग कुणालाच मोठं नाही नि कुणालाच लहान नाही. ती म्हणाली, "मराठीत मी सगळ्यांना मोठ्याच अक्षरात लिहिते. तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

मुलगी अमेरिकेत असते, पश्चिमेच्या समुद्राजवळ एका नदीकाठच्या गावात. तिनं फोनवर आगीत तेल ओतलं. म्हणाली, इकडच्या माशांच्या अभ्यासकांनी ठरवलंय, माशांच्या नावांना मोठं अक्षर द्यायचं. बायकोनं फोन ठेवला आणि त्याच पावली जाऊन शिरा केला. मला वाटीभर दिला, वर काजू. हरलेल्याला दिलेला शिरा कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. फार चांगला लागतो.

पण त्याच मुलीनं पुढं एक व्हिडिओ पाठवला आणि माझी बाजू पुन्हा उभी राहिली. त्यात त्यांच्या नदीतली एक मासळी होती, चांदीसारखी, उलट्या पाण्यावर उड्या मारत चाललेली. ट्राउट म्हणतात तिला. तिची गंमत अशी की पिल्लं सगळी नदीतच होतात. काही जन्मभर नदीत राहतात, त्यांना रेनबो ट्राउट म्हणतात. काही समुद्रावर जातात, तिथं मोठी होतात, रंग बदलतात आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतात. त्यांना स्टीलहेड म्हणतात, म्हणजे पोलादी डोक्याची. जात एकच, आई एकच, नावं दोन. आणि अंडी घालून ती सगळी मरत नाहीत. काही परत समुद्रावर जातात नि पुन्हा येतात.

बायकोनं तो व्हिडिओ दिवसभर पाहिला. संध्याकाळी म्हणाली, "ही शेवटच्या पानावर घेते."

"पुस्तक परभणी जिल्ह्यातल्या माशांचं आहे," मी म्हणालो.

"पाहुणी म्हणून घेते. पाहुण्याला कुणी रहिवासी दाखला मागतं का?"

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. मुलीकडून मी माहिती काढून ठेवली होती. त्यांच्या त्या नव्या नियमानं मोठं अक्षर फक्त जातीच्या नावाला मिळतं. स्टीलहेड ही वेगळी जात नव्हे. म्हणजे नदीत बसून राहिलेलीला मोठं अक्षर आणि समुद्र पाहून आलेलीला लहान. हे मी तिला सांगितलं, फार गोड आवाजात.

ती इतकी चिडली की मुलीला लगेच फोन लावला. तिकडं पहाट होती. "समुद्रावर गेली म्हणून नाव लहान करायचं? कुणी काढला हा नियम?"

"आई, मला काय विचारतेस? मी काय ट्राउट आहे का?"

"डोकं तरी पोलादाचंच आहे तुझं. बापावर गेलीस."

आम्ही तिघं तिन्ही ठिकाणांहून हसलो. ठिकाणं दोनच होती, पण तिच्या रागाला भिऊन मी गॅलरीत जाऊन बसलो होतो आणि तिथून हसत होतो.

फोन ठेवताना बायको म्हणाली, "पुढच्या महिन्यात येशील ना, तेव्हा ती मासळी आण. नुसतं पाहून काय कळतं. मोजून बघते, खाऊन बघते, मग ठरवू अक्षराचं."

प्रेसवाल्याचे फोन येत होते. पुस्तक छापायला तयार होतं, अडलं होतं फक्त शेवटचं पान. मी म्हणत होतो काढा, ती म्हणत होती ठेवा, तेही मोठ्या अक्षरानं. मुलगी मासळी घेऊन आली की निकाल लावायचा, असं ठरलं. आणि मग तो मंगळवार आला.

मुलगी पोचली तेव्हा अग्नी देऊन झाला होता. दारातच तिनं बॅग सोडली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग कानात म्हणाली, "बाबा, मी ती आणलीय. आधीच घेऊन ठेवली होती. टाकवेना."

चपट्या पाकिटात बंद केलेला, धुरी दिलेला, नारिंगी रंगाचा मोठा तुकडा. घर सुतकातलं, त्यात बायकोची मावशी मुक्कामाला, गळ्यात तुळशीची माळ. आम्ही ते पाकीट फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं लपवलं, आणि अर्ध्या तासात मावशींनी दही काढलं.

"हे काय ग लाल लाल?"

मुलगी म्हणाली, "गाजर आहे, आजी."

"असं चपटं?"

"तिकडं चपटंच असतं."

"आन् वास कशाचा यायलाय?"

"तिकडचं खत वेगळं असतं," मी म्हणालो. आयुष्यात एवढ्या चपळाईनं मी कधी खोटं बोललो नव्हतो.

मावशी पाकीट डोळ्यांजवळ घेऊन पाहत राहिल्या. "तिला आणलंस व्हय ग? आईला?" मुलीनं मान डोलावली. मावशींचे डोळे भरले. त्यांनी पाकीट पदरानं पुसलं आणि परत दह्यामागं ठेवलं. आम्ही बापलेक न्हाणीघरात गेलो, नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल धरून हसलो. बाहेर मेहुणा सांगत होता, रडू द्या त्यांना, मोकळं होऊ द्या. ते ऐकून तर नळ आणखी मोठा करावा लागला. त्यात मुलगी मधेच खरंच रडायला लागली. "तिला नुसती चव दाखवायची होती, बाबा. एवढंच काम होतं माझ्याकडं." मी टॉवेलचं कोरडं टोक तिच्याकडं दिलं.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो, गोदावरीच्या काठी. विधी मीच केला. भाताचा पिंड मांडला, शेजारी पत्रावळीवर तिच्या आवडीचं सगळं: भरलं वांगं, धपाटे, घट्ट दही, कपात चहा. गुरुजी म्हणाले, आता सगळे मागं सरा. आम्ही सरलो.

बाभळीवर कावळे होते. एक मोठा कावळा वरच्या फांदीवरून पत्रावळीकडं बघत होता, मग आमच्याकडं, मग नदीकडं. उतरायचं नाव नाही. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, असं आमच्याकडं समजतात, आणि मग ज्यानं त्यानं मोठ्यानं शब्द द्यायचा असतो. पहिला मेहुणा पुढं झाला.

"ताई, दाजींना आमी एकटं पडू देणार न्हाई!"

कावळ्यानं चोच फांदीला पुसली.

मावशी पुढं आल्या. "पोरीचं लगीन यंदाच उरकून टाकू ग बाई!"

"आजी!" मुलगी ओरडली.

"गप ग. कावळ्यासाठी म्हणायलेय."

कावळा पाठ फिरवून बसला. "बघा," मेहुणा म्हणाला, "ताईलाबी पटंना."

ऊन चढत होतं. मागं दुसऱ्या घरची माणसं त्यांची पत्रावळ घेऊन थांबली होती. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "सर, तुम्ही बोला. काही राहिलं असेल त्यांच्या मनात."

काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. पण ते चारचौघांत कसं म्हणायचं? मी घसा साफ केला आणि म्हणालो, "सगळ्या माशांना मोठं अक्षर देतो."

गुरुजींनी घड्याळावरून नजर उचलली.

"काय देता?" मावशींनी विचारलं.

"अक्षर."

"कुणाला?"

"माशांना."

मेहुण्यानं हळूच माझा दंड धरला. "दाजी, सावलीत बसता का जरा? पाणी आणू का?" मुलीनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात कावळा एक फांदी खाली उतरला.

मेहुण्यानं माझा दंड सोडला. "द्या, दाजी! आणखी द्या!"

"मरळीला देतो," मी म्हणालो. "वामीला देतो. रोहूला, कटल्याला देतो."

"चिलापी राह्यली," मागून कुणीतरी म्हणालं. तो दुसऱ्या घरचा माणूस होता.

"चिलापीलाही!"

कावळा मान तिरपी करून ऐकत होता, पण तिथंच बसून. आता एकच उरली होती. "आणि ती शेवटच्या पानावरची," मी म्हणालो, "समुद्रावर गेलेली. ती पुस्तकात राहील. तिचा एस मोठा."

मी हे म्हणत असताना मुलगी पत्रावळ नीट करायला म्हणून पुढं वाकली. तिच्या मुठीत एक पुडी होती. वांग्याच्या शेजारी तिनं एक नारिंगी काप ठेवला, मागं सरली आणि माझ्याकडं न पाहता उभी राहिली.

कावळा उतरला. त्यानं धपाटा उडवून लावला, चहाकडं ढुंकूनही पाहिलं नाही, तो नारिंगी काप चोचीत धरला आणि गोदावरीवरून पलीकडं निघून गेला. सातासमुद्रापलीकडून आलेली मासळी आम्ही सगळे माना वर करून बघत राहिलो.

"गाजर शिवलं!" मावशींनी हात जोडले. "गाजर शिवलं ग बाई माझ्या लेकरानं!"

गुरुजी वळले. "गाजर आवडायचं का बाईंना?"

"फार," मुलगी म्हणाली. "पण खायचं राहून गेलं."

एवढं म्हणून ती खालीच बसली. मीही बसलो. आम्ही दोघं नदीकाठी वाळूत बसून हसत होतो नि रडत होतो, आणि लोक आदरानं लांब उभे राहिले.

परत येताना गाडीत मागच्या सीटवर मावशी झोपल्या होत्या, मेहुणा गाडी चालवत होता. मुलगी कुजबुजली, "एक फांदी तुमच्या अक्षरांची. बाकी सगळं माझ्या मासळीचं."

"तुझी मासळी नसती तरी आला असता," मी म्हणालो. "एसवर पंख हलवले होते त्यानं."

"मग छापताना एस लहान करून बघा. येतो का घरी, बघू."

वाद घालायला माणूस नसला की आपण जिंकतो, अशी माझी आधी समजूत होती. त्या आठ-दहा दिवसांत टेबलावरच्या प्रुफांवरून हात फिरवताना एस गुपचूप लहान करून टाकावा, असं मला मधूनमधून सुचलंही होतं. लाल पेन तिथंच पडलेलं होतं. आता साक्षीला सगळी भावकी होती, गुरुजी होते, एक परकं कुटुंबही होतं.

आणखी एक गोष्ट आमच्या हाताबाहेर गेली. मावशींनी सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं की भाचीचा जीव गाजरात अडकला होता. "एवढं आवडायचं तर सांगायचं व्हतं, मानवतहून पोतं आणलं असतं." तेराव्याच्या जेवणाला त्यांनी परातभर गाजर हलवा केला. थंडीचे दिवस, बाजारात गाजरं ढिगानं. येणारा प्रत्येकजण वाटी हातात घेऊन मला हळहळत सांगायचा, काय गाजर आवडायचं हो त्यांना. माझ्या बायकोला गाजर अजिबात आवडत नसे. भाजीत आलं तर ती ते वेचून माझ्या ताटात टाकायची. मुलीनं आणि मी एकमेकांकडं न बघता दोन-दोन वाट्या खाल्ल्या.

पाहुणे गेल्यावर उरलेलं पाकीट आम्ही बाहेर काढलं. मुलगी थेट भाकरीबरोबर तोडणार होती. मी म्हणालो, थांब. फूटपट्टी आणली. मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं, ना पर ना शेपूट, तरी मी तुकड्याची लांबी मोजली आणि तिला सांगितली. तिनं मान डोलावली. मग खाल्ली. धुराचा वास, थोडी खारट, थोडी गोड. मरळीची सर नाही, असं आमचं दोघांचं मत पडलं, आणि हे बायकोनं ऐकलं असतं तर पाहुणीचा अपमान केला म्हणून आम्हाला ताटावरून उठवलं असतं.

मुलीच्या परतीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं प्रुफं घेऊन प्रेसमध्ये गेलो. प्रेसवाला वैतागलेला. "सर, फायनल काय ते सांगा. लहान का मोठं?"

"मोठं."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"आणि ते शेवटचं पान? ती मासळी आपल्याकडं मिळत तर न्हाई म्हणायले होते तुमी."

"एकदा येऊन गेली गंगाखेडला," मुलगी म्हणाली.

प्रेसवाल्यानं तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि प्रुफांचं शेवटचं पान माझ्यापुढं सरकवलं. मी खिशातून पेन काढलं. स्टीलहेडच्या एसभोवती माझाच लाल गोल होता. तो मी खोडला आणि शेजारी लिहिलं, आहे तसं ठेवा. दुसऱ्या दिवशी मुलगी गेली. स्टेशनवर म्हणाली, "पुढच्या थंडीत येते." मी म्हणालो, "ये. मावशी हलवा करणार आहेत." गाडी हलली तरी ती दारात उभी राहून हसत होती.

दर वर्षी त्या तिथीला आमच्याकडं गाजर हलवा होतो. मावशी अजून येतात आणि पहिली वाटी बायकोच्या फोटोसमोर ठेवतात. फोटोतला चेहरा त्या दिवशी थोडा नाराज दिसतो, असं मुलगी म्हणते. ती दोनदा येऊन गेली.

आता घरात मी एकटा राहतो. पुस्तकाच्या काही प्रती कपाटात आहेत. शेवटच्या पानावर ती मासळी आहे आणि तिच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं आहे.